गुरुवारच्या इंटरव्ह्यूचा कोट

मित्रांनो, दारिद्र्य निर्मूलनाचे महान कार्य कॅनडा देशाने माझ्या खांद्यांवर सोपवले आहे. खांद्यांत स्पंज भरलेला आहे, त्यातला डावीकडचा सरकला आहे.

मी एक जुना कोट आहे. माझा जन्म माँट्रियालच्या एका शिवणकारखान्यात झाला. हॅमिल्टनच्या एका विमा कंपनीतल्या साहेबांनी मला बरीच वर्षे वापरले. आम्ही दोघे आलो की लोक उठून उभे राहत. ते माझ्यासाठीच उठतात असे मला वाटे. पुढे साहेबांचे पोट वाढले आणि मी दानधर्मात निघालो.

तेव्हापासून मी इथल्या रोजगार प्रशिक्षण केंद्रात खुंटीवर असतो. सरकारी भत्त्यावर जगणारी माणसे आणि बेघर झालेले माजी सैनिक इथे नोकरी मिळवायला शिकतात. दर गुरुवारी इंटरव्ह्यूचा सराव असतो. कोट एकच, म्हणून मला सगळे आळीपाळीने घालतात. सरावात सगळ्यांचीच निवड होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्याकडे कोणी बेकार उरत नाही. सुट्टीनंतर पुन्हा असतात. खऱ्या इंटरव्ह्यूला मला नेण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

२०१७च्या जानेवारीत डग आला. त्याने अफगाणिस्तानात लष्करी ट्रक चालवले होते. आता तो बेघरांच्या शेल्टरमध्ये झोपत असे. महिनाभरात त्याला एका बिल्डिंगमध्ये केअरटेकरच्या कामासाठी बोलावणे आले. कामाबरोबर बेसमेंटमध्ये खोली होती. आतून लावता येईल असे दार! डग दिवसभर त्या दाराबद्दलच बोलत होता.

इंटरव्ह्यू नेमका गुरुवारी सकाळी होता, आमच्या वर्गाच्या वेळेला. डग मला घालून दारापर्यंत गेला. मी तर सुरकुत्यांसकट ताठ झालो होतो. तेवढ्यात उल्हास सर आडवे आले. सर मूळचे नागपूरचे. वर्गातल्या छायाताई त्यांच्याशी मराठीतून भांडत.

"जाऊ द्या ना सर डगभाऊंना! खरा इंटरव्ह्यू आहे!"

"छायाताई, अटेंडन्स कंपल्सरी आहे. गैरहजर राहिला तर भत्ता बंद होतो. शेल्टरमधला बेडही जाईल."

"अहो, नोकरी लागल्यावर भत्ता हवाय कुणाला?"

"आणि नाही लागली तर?" सर कपाळ चोळत म्हणाले. "मी वर फोन केला होता. सुट्टीसाठी आधी अप्लाय करावं लागतं. त्यांची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे."

"म्हणजे इंटरव्ह्यू द्यायला शिकायचं म्हणून इंटरव्ह्यू सोडायचा? धन्य आहे बाई!"

सरांनी हजेरीपट उघडला. त्यांचीही नोकरी कंत्राटी होती, आणि हजेरी घसरली की तीही जाणार होती.

डगने बिल्डिंगवाल्यांना फोन करून दुसरी वेळ मागितली. ते म्हणाले, रांगेत बरेच जण आहेत. डगने फोन खिशात टाकला आणि तो सरांसमोरच्या खुर्चीत येऊन बसला.

"तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?" सरांनी सरावाचा प्रश्न विचारला.

"आत्ता इथे बसलोय, ती."

"जरा पॉझिटिव्ह उत्तर द्या."

"आत्ता इथे बसलोय, ती," डग हसून म्हणाला.

डगची निवड झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छायाताईंनी वाजवल्या नाहीत. दुपारी कळले की ती खोली दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. संध्याकाळी केंद्राने डगचा फोटो काढला. तो आता दर्शनी भिंतीवर 'यशोगाथा' या मथळ्याखाली लावला आहे. फोटोत मी छान दिसतो. पुढच्या आठवड्यापासून डग आलाच नाही. नियमाप्रमाणे त्याचा भत्ता बंद झाला, आणि बेडही गेला. नियम पाळण्यात आमचे केंद्र फार तत्पर आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो. गरिबांना संधी द्या, सैनिकांचा मान राखा, वगैरे. तो सगळा त्या फोटोखाली रंगीत अक्षरांत छापला आहे, तिथेच वाचा. माझे काम लहान आहे. डगचा एक हातमोजा माझ्या खिशात राहिला आहे. बाहेर उणे अठरा आहे. डग कुठे दिसला तर तेवढा नेऊन द्या. उजव्या हाताचा आहे.