डावीकडचं जेवण

ड्वेन प्रॅदरच्या जगाला डावी बाजू नव्हती. डोळे शाबूत होते. इराकमध्ये रस्त्याकडेला झालेल्या स्फोटात लोखंडाचा एक तुकडा त्याच्या मेंदूच्या उजव्या भागात शिरला होता, आणि डावीकडे लक्ष देण्याचे काम तो भाग करतो. अंधारात आपल्याला दिसत नाही, हे माणसाला निदान कळते. ड्वेनला तेवढेही कळत नसे. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्याने ऐकून घेतले, आणि पुढे ते बरे झाले असे परस्पर ठरवून टाकले.

प्लेटमधले उजवीकडचे अन्न संपले की त्याच्या लेखी जेवण संपे. मग त्याची बायको लॉर्ना मीठ पुढे करण्याच्या निमित्ताने प्लेट हळूच फिरवी, आणि राहिलेले अन्न उजवीकडे आले की तो पुन्हा खाऊ लागे. दाढीचा डावा गाल, सदऱ्याची डावी बाही, सगळे असेच बोभाटा न होता पार पडे.

जखमी जवानाची देखभाल करणाऱ्या बायकोला सरकार दरमहा मानधन देते. त्याच्या भरवशावर लॉर्नाने दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती. मागच्या पाहणीत आलेल्या नर्सने रिकामी प्लेट पाहिली आणि ‘स्वतः जेवतात’ असा निष्कर्ष काढला. मानधन बंद होणार असे कळल्यावर लॉर्नाने फेरतपासणी मागितली. ते गेले तर तिला कारखान्यात परतावे लागणार होते, आणि ड्वेन दिवसभर घरात एकटा राहणार होता. सोबतीला शेगडीचा डावा बर्नर.

नर्सवर तिचा राग नव्हता. त्या दिवशीही प्लेट लॉर्नानेच फिरवली होती. तपासणाऱ्याच्या देखत कुणी नमुनाच दुरुस्त करत असेल, तर निष्कर्षाचा दोष तपासणाऱ्याकडे जात नाही.

या वेळी मिसेस हॅलोरन नावाच्या बाई आल्या, त्याही ऐन जेवणाच्या वेळी. ड्वेनने इस्त्रीचा सदरा घातला होता. पाहणी म्हटली की त्याच्या पाठीचा कणा अजून आपोआप ताठ होई.

“या मॅडम. मागच्या बाई काय पळूनच गेल्या?”

“त्यांची बदली झाली. तुम्हाला कशाकशात मदत लागते, मिस्टर प्रॅदर?”

“मला? मदत हिला लागते. बरणीचं झाकण उघडत नाही हिच्यानं.”

“पुरे तुझ्या बढाया. जेव आता,” लॉर्ना म्हणाली आणि तिने प्लेट ठेवली. उजवीकडे खिम्याच्या भाजलेल्या वडीचे काप होते. डावीकडे लोणी घालून कुस्करलेले बटाटे. बटाटे त्याच्या जिवाभावाचे. मग ती हात मांडीवर ठेवून बसली.

ड्वेनने खिमा संपवला आणि प्लेटकडे पाहिले.

“बटाटे नाही केलेस? पाहुणे आले म्हणून चिंगूसपणा होय?”

मिसेस हॅलोरननी बटाट्यांकडे पाहिले, मग लॉर्नाकडे.

“जेवण झालं तुमचं?”

“झालं की. बघा, चाटूनपुसून.”

बाईंनी हात पुढे केला आणि प्लेट फिरवली. त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

ड्वेन कितीतरी वेळ बटाट्यांकडे पाहत राहिला. तो मुळात बुद्धिमान माणूस होता.

“रोज?” त्याने लॉर्नाला विचारले.

“रोज.”

“मला वाटायचं, तू दुसऱ्यांदा वाढतेस.”

“तसंच समज ना.”

“मग आज का नाही फिरवलीस?”

उत्तर टेबलाच्या पलीकडे बसून टिपण करत होते.

मानधन चालू राहिले. ड्वेन आता स्वतः प्लेट फिरवतो. पुढच्या पाहणीला येणारीला ही प्रगती वाटेल, आणि एका अर्थी ती आहेही. दोन घास खाऊन तो प्लेट फिरवतो, पुन्हा फिरवतो. लॉर्नाने मीठ पुढे केले की प्लेटवर हात आडवा धरतो.

“राहू दे. माझं मी बघतो.”

अन्न संपते. तरी प्लेट टेबलावर खरखरत फिरत राहते, कारण ती खरोखर रिकामी झाली हे कशावरून ओळखायचे, ते त्याला कळत नाही. आणि लॉर्नाने सांगितले तर तो विश्वास ठेवत नाही.