आभाळातल्या दगडाची पाठवणी

माणसानं चंद्रावरून दगड आणले, त्याच्या दुसऱ्याच साली धाड या बाजारगावाजवळच्या खापरवाडीत आभाळानं आपणहून एक दगड पोचता केला, तोही सरपंच रामरावांच्या तुरीत. चंद्रावर जायचा खर्च वाचवल्याच्या तोऱ्यात रामराव मिशीला पीळ देत फिरले.

हेडमास्तरांनी नागपूरच्या भूगर्भ खात्याला कळवलं. तिथून निरोप आला की साहेब येऊन दगड तपासायला नेतील, तोवर त्याला काही लावू नका. खरा निघाला तर जगभर तो गावाच्याच नावानं ओळखला जाईल. झालं! धाडवाले खापरवाडीला आजवर 'ती पलीकडची वाडी' म्हणत. आता अमेरिकेतले गोरे तिचं नाव घेणार. एवढ्यासाठी रामरावांचा जीव टांगणीला लागला.

त्यांनी पारावर गाव जमवलं. दगडाला पाणी लावायचं नाही, तेल नाही, कुंकू तर नाहीच. गुराख्यालासुद्धा दोनदा बजावलं. पारावर बाया येत नसत. घरी दगड कोनाड्यात ठेवून ते बायकोला, गोजरबाईला, एवढंच म्हणाले, "उद्या हा मोठ्या सायबासंगं जाऊन राह्यला. काई कमी पडू देऊ नोको." बाईमाणसाला शास्त्र काय सांगायचं!

साहेब आले. गोजरबाईनं दगड आणला तो हिरव्या खणात, सोबत ओटीचे तांदूळ. राखेनं घासून लख्ख केलेला, तिळाच्या तेलानं माखलेला, माथ्यावर हळदकुंकू.

"वरचं काळं कवच कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं.

"लई काजळी होती, सायेब. पहाटपासून घासली, तवा निंगाली."

"बाई, जळत आल्याची खूण होती ती. भेगांत तेलही मुरलंय. आता यात आभाळ किती अन् तुमची चूल किती, मी कसं सांगू?" साहेबांनी चहा घेतला, दगड खणासकट परत केला आणि ते जीपमध्ये बसले.

रामराव रडायचेच बाकी राहिले. "काय केलं वं हे! साऱ्या गावाले सांभाळलं म्या, अन् माह्याच घरात..."

"लेक सासरी धाडतानी न्हाऊ घालतो का नाई आपुन? कमी पडू देऊ नोको, तुमीच म्हणले ना?" गोजरबाईचे डोळे भरून आले. "गुराख्याले दोनदा सांगतलं. मले एकदा काऊन नाई सांगतलं?"



दगड आता पारावर आहे. धाडच्या बाजाराला निघालेल्या बाया वाट वाकडी करून त्याला कुंकू वाहतात. त्याला नावही पडलं, गोजरबाईचा दगड. नवखं कुणी आलं, की वाट रामरावांनाच दाखवावी लागते.