पळसाच्या पानांचा मच्छिंद्र

बद्रीनाथाला राग यायला एरवी कारण लागत नसे, पण ह्या रागाला कारण होतं आणि ते बारा वर्षांचं जुनं होतं. शहागडला, गोदावरीच्या पुलाअलीकडे, औरंगाबाद-बीड रस्त्यावर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल. त्याचं म्हणजे काय, तर पहाटे भट्टी पेटवायची त्यानं, दुधासाठी हुज्जत घालायची त्यानं, ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या त्यानं. आणि गिऱ्हाईक काय म्हणणार? "चला, मच्छिंद्राच्या हॉटेलात बसू." हा मच्छिंद्र त्याचा थोरला भाऊ. ब्याऐंशी साली सरकीचा ट्रक घेऊन निघाला आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रक पुलाच्या तोंडाशी उभा सापडला. दिवे चालू, दार उघडं, माणूस गायब. नदीला पूर आलेला. गाव म्हणालं, गेला वाहून. त्याची बायको पुष्पाबाई म्हणाली, "प्रेत दाखवा, मंग कुंकू पुसते." प्रेत कुणाला सापडलं नाही आणि बाईनं कुंकू पुसलं नाही.

बरं, कुंकू न पुसता गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण विहिरीवर मोटार बसवायची निघाली की, "थोरले येऊ द्या, मंग बघू." गोठ्यावर पत्रे टाकायचे निघाले की, "थोरल्यांना इचारावं लागंल." अहो, विचारायचं कुणाला, नदीला? बद्रीनाथाच्या कपाळाची शीर ताडताड उडायची. घरात माणसं तीन. तो, त्याची बायको उषाबाई आणि वहिनी. दोन्ही जोडप्यांना लेकरूबाळ नाही. त्यात चौथा, जो नव्हताच, त्याचाच कारभार चालू. रात्री तो उषाबाईजवळ कुरकुरायचा, "मी ह्या घरात कोण हाय ते एकदा सांग." ती त्याच्या डोक्यात तेल चोळत म्हणायची, "माझे मालक हायेत. तेवढं बास न्हाई का?" तेवढ्यापुरता तो शांत व्हायचा. लग्नाला वीस वर्षं होऊनही बायकोचा हात डोक्यावर पडला की त्याचा राग उतरायचा, हे खरं.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. नाहीच आला, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याला नारळ लावतात, त्याला रीतसर अग्नी देतात, दहावा घालतात आणि माणूस गेला असं धरतात. चौऱ्याण्णव साली बारा वर्षं भरली. बद्रीनाथ त्याच आठवड्यात घाटावरच्या भालचंद्र गुरुजींकडे गेला आणि दिवस काढून आला.

पुष्पाबाईनं भांडण केलं नाही, रडली नाही. नवऱ्याच्या कपड्यांची ट्रंक होती, तिच्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "काय करायचं ते करा, भावजी. माझ्या मालकाचं चिंधूक मिळणार न्हाई."

घाटावर गुरुजींनी दर्भानं पानं बांधली. पाय झाले, धड झालं, हात झाले. मच्छिंद्र चांगला उंच होता, म्हणून पानांचा माणूसही उंचच केला. मग गुरुजींनी हात पुढे केला. "त्याच्या अंगावरचं एखादं कापड द्या."

आता आली का पंचाईत. भाऊबंद चुळबुळू लागले. कुणी म्हणालं, उद्या करू. उद्या म्हणताच बद्रीनाथाचं डोकं फिरलं. त्यानं बाजूला होऊन घाटाच्या भिंतीआड आपल्या अंगातला शर्ट काढला, घडी घातली आणि गुरुजींच्या हातात ठेवला. उपरण्यानं अंग झाकलं. दिवाळीला दोघा भावांचे शर्ट एकाच ताग्यातून शिवायची घरची पद्धत होती, भावाभावात काय फरक पडतो, असा त्याचा हिशेब.

गुरुजींना मोतीबिंदू झालेला. त्यांनी शर्ट चाचपला. "ऊबदार लागतोय रे. त्याचाच ना?"

"त्याचाच. बराबर त्याचाच हाय. उन्हात ठेवल्ता."

शर्ट पानांच्या माणसाला घातला तर बाह्या कोपरापर्यंतच आल्या. चुलतभाऊ संपत म्हणाला, "आखूड पडून राह्यला." बद्रीनाथ खेकसला, "बारा वर्सांत आटला असंल. जल्दी करा!" दोघंतिघं हसलेसुद्धा. अग्नी बद्रीनाथानंच दिला, दुसरं होतंच कोण. शर्टानं पेट घेतला आणि ऐन उन्हात त्याच्या पाठीतून गार कळ गेली. उपरण्यामुळे असेल, असं त्याला वाटलं.

दहाव्याला कावळ्यानं वाट बघायला लावली नाही. पिंड ठेवून माणसं मागे सरताहेत तोच तो उतरला, चोच मारली आणि बद्रीनाथाकडे मान वळवून बघत राहिला. लोक म्हणाले, सुटला मच्छिंद्र. पुष्पाबाई घरीच होती, कुंकवासकट.

पहिल्यांदा गडबड झाली ती हॉटेलात. ट्रकवाले यायचे, समोर गल्ल्यावर बसलेल्या बद्रीनाथाला ओलांडून आत भजी तळणाऱ्या कचरूला ओरडायचे, "ए, मालक कुटं गेला?" बद्रीनाथ म्हणायचा, "मी काय मातीचं ढेकूळ हाय का?" मग ते दचकायचे आणि बोलायचे. पण बोलताना त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर नसायची. वीतभर वर असायची. एखाद्या उंच माणसाशी बोलावं तशी. बद्रीनाथानं एकदा मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

आठवडी बाजारात वांगी घ्यायला वाकला, तर बाईनं त्याच्या हातातलीच वांगी दुसऱ्याच्या पिशवीत टाकली. न्हाव्यानं त्याला बसवून ठेवलं आणि मागून आलेल्या तिघांची दाढी केली. तो भांडला. भांडला की लोक क्षणभर ओशाळायचे आणि तो गप्प झाला की विसरायचे. म्हणून तो दिवसभर मोठ्यानं बोलू लागला, उगाच खोकू लागला. घसा बसला बिचाऱ्याचा.

हेही त्यानं सोसलं असतं. एका दुपारी उषाबाई डबा घेऊन हॉटेलात आली. तो गल्ल्यावरच होता. तिनं डबा त्याच्यापुढे ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि कचरूला विचारलं, "दादा, ह्ये कुटं गेलेत?"

"उषे," तो म्हणाला. घसा बसलेला, आवाज फुटला नाही. तिनं कपाळावरचा घाम पुसला. "दोन दिवस झाले, जेवायला धड घरी येईनात. तुला काही बोलले का?" कचरू म्हणाला, "न्हाई बा." ती डबा तिथंच ठेवून रस्ता ओलांडून गेली. डब्यात त्याच्या आवडीचं, तिखट घातलेलं पिठलं होतं आणि त्याला एक घास गिळवला नाही.

मग पोळा आला. वेशीत बैल उभे राहिले, वाजंत्री लागली. बद्रीनाथानं आपला बैल कासरा धरून उभा केला होता. म्हातारा कडूबा काठी टेकत जवळ आला, त्याच्या डोक्याच्या वर बघून तोंडभर हसला आणि म्हणाला, "मच्छिंद्रा! कवा आल्तास रे? बैल लई झ्याक सजवला बघ!"

वाजंत्री चालू होती म्हणून कुणी ऐकलं नाही. बद्रीनाथानं कासरा तिथंच सोडला आणि तो घाटाकडे धावत सुटला.

भालचंद्र गुरुजी पायरीवर एकटेच जानवं धूत बसले होते. बद्रीनाथानं त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. शर्टाचं, खोटं बोलल्याचं, डब्याचं, कडूबाचं. गुरुजींनी हात पुढे केला. हात आधी वीतभर वर, हवेत चाचपडला, मग हळूहळू खाली आला आणि त्याच्या खांद्याला लागला. गुरुजींनी हात झटकन मागे घेतला.

"अरे, हे काय करून बसलास? नाव त्याचं घेतलं आणि कापड तुझं जाळलं. तेही तूच जाळलंस. अर्धं त्याला लागलं, अर्धं तुला. आता त्याचं नाव रिकामं आहे आणि तुझं अंग रिकामं आहे. ते एकमेकांना शोधणारच."

"मंग उलटं करा, गुरुजी. काय खर्चा व्हायचा तो होऊ द्या."

"उलटं होतं. मेला म्हणून धरलेला परत आला, तर त्याला नव्यानं जन्माला घालतात. स्नान, बारसं, सगळं पुन्हा. ते मी आज करीन. पण आधी घरच्या माणसानं त्याच्या तोंडाकडे नीट बघून सांगावं लागतं की हा आमचाच, हा अमुक. त्याशिवाय नाव ठेवू कुणाचं?" गुरुजींनी जानवं पिळलं. "घरच्या कुणी अजून तुला मच्छिंद्र म्हणून हाक मारली नाही ना?"

"न्हाई."

"मग पळ. एकदा घरातून हाक आली की ते पक्कं झालं म्हणून समज."

बद्रीनाथ पळाला. सगळं गाव बैलांमागे होतं, गल्ल्या मोकळ्या होत्या. पळताना त्याच्या डोक्यात एकच होतं, उषीला मागच्या दारी गाठायचं. ती पोळ्या लाटत असणार. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचं, बघ माझ्याकडं. बाकी दुनिया ओळखेना का, ती ओळखणार. वीस वर्षं एका उशाला झोपलेलं माणूस, ती नाही ओळखणार तर कोण? त्याला रडू येत होतं आणि पहिल्यांदाच राग बिलकुल येत नव्हता.

मागचं दार ढकललं. चुलीसमोर उषाबाई पाठमोरी होती. तो "उषे!" म्हणणार तोच वर माळदावर जाणाऱ्या जिन्यात सूप पडल्याचा आवाज झाला. गहू दाराबाहेर अंगणभर उधळले. पुष्पाबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. ती त्याच्याकडे, त्याच्या वर, वीतभर वर बघत होती. बारा वर्षं दगडासारखी राहिलेली बाई, तिचं तोंड लहान पोरीसारखं वेडंवाकडं झालं.

"आलात?" ती म्हणाली. "आलात तुमी? मी म्हणत नव्हते का! अगं उषा, हे बघ, थोरले आले! अवो, ऐका हो, आमचे मच्छिंद्र आले!"

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा घेतलं असेल.

"वहिनी, मी बद्री हाय," तो म्हणाला. "वहिनी, हात जोडतो, मी बद्री!" पण तिचं कुठं लक्ष. ती त्याच्या पायांशी बसून हमसून रडत होती. तिला एवढं सुखी त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या तसल्या भीतीतही त्याच्या मनात आलं की ह्या बाईला आपण किती छळलं. शेजारची कांताबाई धावत आली, तिच्यामागे गल्ली आली. दार भरून गेलं. सगळ्यांच्या माना किंचित वर झालेल्या. "आवाज तोच," कुणी म्हणालं. "जरा वाळलाय," दुसरं म्हणालं. त्यानं आपले हात पाहिले. हात त्याचेच होते, बोटावर भट्टीचा चटका होता.

आता एकच उरलं होतं. "उषे," त्यानं हाक मारली.

उषाबाई चुलीपासून उठली. पिठाचे हात पुसले, पदर डोक्यावरून थेट नाकापर्यंत ओढला, मान खाली घातली आणि दुरून, थोरल्या दिराला करतात तसा, जमिनीला हात लावून नमस्कार केला. मच्छिंद्र घरात होता तोवर ती त्याच्यासमोर अशीच आली होती. त्याच्या तोंडाकडे तिनं एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. चांगल्या घरची सून पाहत नाही.

"उषे, मान वर कर. माझ्या तोंडाकडं बघ. एकदा बघ, तुझ्या पाया पडतो."

"अगं बाई!" कांताबाईनं तोंडावर हात घेतला. "बारा वर्सांत रीतभात इसरला का काय माणूस!"

त्यानं हात पुढे केला आणि तिचा पदर धरला. उषाबाई किंचाळली नाही, पण मागे सरत सरत भिंतीला जाऊन टेकली आणि तिनं दोन्ही मुठींनी पदर गच्च धरला. पुष्पाबाईनं मधे येऊन त्याचा हात हळूच सोडवला, आपल्या दोन्ही हातांत घेतला. "असं करतेत का? धाकट्याची बायको हाय ती. दमून आलात, डोकं ठिकाणावर न्हाई. चला, बसा आधी."

तेव्हा उषाबाई, भिंतीला टेकूनच, पदराआडून बोलली.

"दादा, तुमी आलात, लई चांगलं झालं. तुमचा दहावा घातला आन् तवापासून ह्ये कुटं दिसंना झालेत. तुमच्यावर चिडायचे, पण मनानं वंगाळ न्हाईत. कुणाचं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. तेवढं त्यांना धुंडून आणा."

एवढं बोलून ती त्याच्या पायांकडे बघत, उत्तराची वाट पाहत उभी राहिली.