मिन्योनेटचं भांडण

माळी आणि त्याची बायको एकाच हॉटेलात कामाला होते. तो बागेत, ती स्वयंपाकघरात. लग्न झाल्यापासून त्यांचं एक भांडण चालू होतं आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. मिन्योनेट म्हणजे माळ्याच्या मते फूल: दिसायला यथातथाच, पण वासाने जाणारा माणूस थबकावा असं. तिच्या मते सॉस: बारीक चिरलेला कांदा, व्हिनेगर, जाडसर कुटलेली मिरी, कच्च्या कालवांवर घालायला.

"तुमच्या फुलाला कुत्रं तरी विचारतं का?" ती म्हणायची.

"आणि तुझ्या सॉसने डोळ्यांतून पाणी येतं त्याचं काय?"

मग तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. उरला तो एकच शब्द: मिन्योनेट. डॉक्टरांनी बजावलं, "काहीही म्हणायचं असलं तरी हाच शब्द येईल. त्याचा अर्थ लावत बसू नका." पण ऐकेल तो माळी कसला!

घरी आणल्यावर एका दुपारी ती ओरडायला लागली. "मिन्योनेट! मिन्योनेट!" माळ्याचा आनंद गगनात मावेना. भांडतेय म्हणजे सुधारतेय! त्याने फुलाची कुंडी तिच्या नाकाशी धरली. तिने डाव्या हाताने ती ढकलली. "बरं बाई, तू जिंकलीस," म्हणत त्याने कांदा चिरला, मिरी कुटली, चमचाभर सॉस तिच्या ओठांना लावला. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मिरी जास्त झाली का गं?" तो हसत म्हणाला.

लेक कामावरून आली आणि तिने पांघरूण उचललं. माळ्यानेच भरून ठेवलेली गरम पाण्याची पिशवी सरकून आईच्या धड पायाला चिकटली होती. वर लुळ्या पायाचं ओझं. पोटरीवर हा एवढा फोड आला होता.

"बाबा, ती ओरडली नाही?"

"ओरडली ना. मला वाटलं, भांडतेय."

फोड बरा झाला. माळी मात्र खचला तो खचलाच. काल संध्याकाळी ती खिडकीतल्या कुंडीकडे बघून हळूच म्हणाली, "मिन्योनेट." ओठांची धड बाजू जराशी हसली. माळी धावला. पांघरूण फेकलं, पाय बघितले, पाठ बघितली, चादर चाचपली. कुठे काही नव्हतं. तिने कुंडीकडे बोट केलं, पुन्हा तेच म्हणाली.

"कुठे दुखतंय गं?" तो रडकुंडीला येऊन विचारत राहिला. "कुठे दुखतंय?"

तिने हात खाली घेतला.