काचेवरची फौज

भिंगरीचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटापुरतंच उरलं होतं. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं हे नाव चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. बरं, नुसते पाय असते तर चाललं असतं, जीभही तशीच. पोटात काही राहील तर शपथ!

तिचं काम मात्र बसून करायचं. प्रयोगशाळेत रोग्यांच्या गाठींचे तुकडे यायचे. ते मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगात बुडवायचे. काच रंगली की तिचं काम संपलं. ती वाचायची मॅडमनी, म्हणजे विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी. घरच्या माणसाची काच आली तर ती शेजारच्या टेबलावर सरकवायची आणि तिला डोळा लावायचा नाही, असा तिथला नियम. पण हे घरी कोणाला ठाऊक? नातेवाइकांत ती 'आमची डॉक्टरीण' होती, आणि वीस वर्षांत तिने ते एकदाही खोडून काढलं नव्हतं. कशाला काढेल? ऐकायला गोड लागत होतं ना!

सोमवारी दादाची, म्हणजे त्याच थोरल्या भावाची, काच आली. कॅन्सर आधीच ठरला होता, हा पुढच्या तपासणीचा तुकडा. चिठ्ठीवरचा नंबर तिला पाठ होता. नियमाप्रमाणे तिने ती शेजारणीच्या टेबलावर ठेवलीसुद्धा. शेजारीण डबा खायला उठली आणि हिचा धीर सुटला. काच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बघते तर काय, गाठीच्या पेशींमध्ये पांढऱ्या पेशींची ही गर्दी! पांढऱ्या पेशी गाठीत घुसल्या की लक्षण बरं, हे मॅडम शिकाऊ डॉक्टरांना सांगताना तिने शंभरदा ऐकलं होतं. झालं, बाई हुरळली. तशीच जिन्यात गेली आणि फोन लावला.

"दादा, तुझी फौज नुसती तुटून पडलीय रे गाठीवर! घाबरू नकोस. आतून जोरात लढाई चाललीय."

दादाला निमित्तच हवं होतं. गुरुवारी भरती व्हायचं होतं, कॅन्सरचं औषध सलाईनमधून सुरू करायचं होतं, आणि त्या औषधाच्या नुसत्या नावाचीच त्याने धास्ती घेतली होती. "घरची फौज असताना भाड्याची कशाला आणू?" म्हणत त्याने हॉस्पिटलला नकार कळवून टाकला. तिकडच्या बाई म्हणाल्या, बुधवारी चारपर्यंत विचार करा, नंतर जागा दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा दीड महिना नंबर लागणार नाही. दादाने बरं म्हणून फोन ठेवला. वहिनीने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. त्याचं एकच पालुपद, "आपली डॉक्टरीण बोललीय."

बुधवारी दुपारी दोन वाजता मॅडमनी तिला हाक मारली. समोरची काच तिच्या भावाची हे त्यांना माहीत नव्हतं.

"ये, बघ गं. सोमवारची ती काच. साध्या रंगात गर्दी दिसत होती, पण कोणाची ते कळेना, म्हणून खास रंग करून घेतला. या तपकिरी दिसतात ना, या पांढऱ्या पेशींमधल्या गिळणाऱ्या जातीच्या. घाण गिळायची, जखम भरून आणायची, हे यांचं काम. पण गाठ यांना फितवते. मग याच तिला पोसतात, रक्तवाहिन्या वाढवून देतात, आणि ज्या लढणाऱ्या असतात त्यांना जवळ फिरकू देत नाहीत."

भिंगरीने नळीतून पाहिलं. काचभर तपकिरी. लढणाऱ्या म्हणाव्या अशा कुठे चार, कुठे दोन.

"म्हणजे या गाठीच्या बाजूच्या?"

"बहुतेक. या रोग्याने उशीर करता कामा नये. सुरू झालं असेल म्हणा औषध."

भिंगरी तशीच जिन्यात पळाली. तिने दादाला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वहिनीचा बंद. मॅडमना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, ॲप्रन खुर्चीवर टाकला आणि निघाली. बस येईना. थांब्यावर उभं राहवेना, म्हणून चालत सुटली, आणि पुढच्या कोपऱ्यावर बस तिच्या शेजारून निघून गेली. मेलीला आत्ताच यायचं होतं! दादाला काय सांगायचं ते ती वाटभर जुळवत होती. नवीन तपासणी झाली म्हणावं. रिपोर्ट बदलला म्हणावं. स्वतःची चूक कुठेच येऊ नये अशी दहा वाक्यं तिने तयार केली.

साडेतीनला ती दादाच्या दुकानात शिरली. दादा न्हावी. खुर्चीत तोंडाला फेस लावलेले निवृत्त पोस्टमास्तर, बाकावर दोन गिऱ्हाइकं, आणि दादाची टकळी चालू.

"ही बघा, आली आमची डॉक्टरीण! हिनेच पाहिलं स्वतःच्या डोळ्यांनी. सांग गं यांना, कशी लढतेय फौज ते."

"दादा, बाहेर ये जरा."

"इथेच बोल. सगळी आपलीच माणसं आहेत."

"तपासणी पुन्हा झाली. उद्या भरती हो. आत्ता फोन कर."

दादाने वस्तरा खाली घेतला. "सोमवारी फौज लढत होती आणि आज काय झालं?"

"त्या पेशी लढत नाहीयेत. फितूर आहेत. गाठीलाच खाऊ घालतायत."

"दोन दिवसांत फितूर झाल्या?" तो पोस्टमास्तरांकडे बघून हसला. "हिच्या वहिनीने पढवून पाठवलंय हिला. अगं, तू जे डोळ्यांनी पाहिलंस तेच खरं. मी तुझंच मानणार."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती. तिची दहाच्या दहा वाक्यं कुचकामी ठरली होती, कारण तो तिच्यावर विश्वास ठेवत होता. तो विश्वास मोडल्याशिवाय हा माणूस जागचा हलणार नव्हता.

"मला काच वाचता येत नाही, दादा," ती म्हणाली. "मी नुसती रंगवते. वीस वर्षं नुसती रंगवतेय. ते डॉक्टरचं काम असतं. मी चोरून पाहिलं आणि मनाला येईल ते बोलले."

बाकावरच्या एकाने वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. पोस्टमास्तर आरशातून पाहत राहिले. दादा हसायचा थांबला.

"वाचता येत नाही?"

"नाही."

त्याने पोस्टमास्तरांच्या गळ्याभोवतीचा कपडा सारखा केला. मग त्याने विचारलं, "आईच्या वेळी तू म्हणालीस, गाठ साधी आहे, रिपोर्टची वाट बघत बसू नका, तिला गावाला नेऊन आणा. तेव्हाही चोरूनच पाहिलं होतंस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. आई गेल्यापासून तीन वर्षं ती स्वतःशी खोटंच बोलत आली होती.

"हो," ती म्हणाली.

दादाने वस्तरा पुसून ठेवला. हात धुतले, नीट, बोट न् बोट. खिशातून फोन काढला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. उद्या येतो म्हणाला. किती वाजता, काय काय आणायचं, सगळं विचारून घेतलं.

"बरोबर? बायको येईल," तो फोनवर म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही," दादा म्हणाला. "दुसरं कोणी नाही."