ताकाच्या रवीची बदाम कॉफी

माझ्या अंगात ताकाचा आंबट वास मुरला होता, हे आधीच सांगून टाकते. मी लाकडाची रवी. जुनी म्हणा, खूप जुनी म्हणा, मला राग नाही. डहाणूजवळच्या मसोलीत सुधाबाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेली असते. आयुष्यभर मी ताक घुसळलं. मग एका संध्याकाळी माझ्याकडून कॉफीचं दूध घुसळून घेतलं गेलं आणि सगळंच बिनसलं. तेवढं तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो. जरा जवळ येऊन बसा.

माझा जन्म रानशेतचा. सुक्या नावाच्या शेतकऱ्याने शिवणीच्या लाकडातून मला कोरलं. त्याची लेक धाकली कोसबाडला सुधाबाईंच्या वर्गात शिकत होती. शाळेला बुट्टी मारून ती बोरं वेचायला जायची आणि बाई पाड्यावर जाऊन तिला धरून आणायच्या. शेवटी पोरगी चौथी पास झाली. सुक्याला फार आनंद झाला. रिकाम्या हाताने बाईंकडे कसं जायचं, म्हणून त्याने मला घडवलं. गुळगुळीत दांडा, खाली फुलासारखं बोंड आणि त्याला पाकळ्या. इतकी देखणी होते मी! खोटं कशाला बोलू?

"बाई, तुना दिली," म्हणजे तुम्हाला दिली, एवढंच बोलून सुक्या ओट्यावरून उतरला.

सुधाबाईंचे यजमान दशरथराव रेल्वेत होते. जेवणाच्या शेवटी ताक नसेल तर आपलं जेवण झालंय हे त्यांना पटायचंच नाही. त्यामुळे मला सुट्टी कसली ती माहीत नव्हती. बाई दोन्ही तळहातांत माझा दांडा धरायच्या आणि भरभर फिरवायच्या. गातही असायच्या. लोणी वर आलं की एक बोट त्यांचा मुलगा अनिकेत आधीच चाटून जायचा. घरी येणारे-जाणारे म्हणायचे, "ताक प्यावं तर सुधाताईंच्या हातचं." हात त्यांचे, पण मेहनत माझीसुद्धा होती की नाही? असो. कौतुक झालं की मी तेवढ्यापुरती फुगायचे.

अनिकेत मोठा झाला, वापीच्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याचं लग्न झालं. सून आली ठाण्याची, स्वप्ना तिचं नाव. मोकळी, बोलकी, चटकन हसणारी. तिच्या माहेरी ताकसुद्धा पिशवीतूनच यायचं, त्यामुळे रवी तिने जवळून पाहिलीच नव्हती. तिला प्यायला लागायची कॉफी, तीही साधी नाही. दुधाला भरपूर फेस आणि सुक्या मेव्याचा वास असलेली. लाटे म्हणायची ती. मला तो शब्द गमतीचा वाटायचा.

एके दिवशी तिने मला खिळ्यावरून काढलं आणि विचारलं, "आई, ह्याने दुधाला फेस येईल ना? मी घेऊ?"

बाईंनी भाकरीवरची नजर वर केली, माझा दांडा तिच्या हातातून काढून घेतला आणि मला परत टांगलं. "ती राहू दे. तिला हात लावू नकोस," म्हणाल्या.

आता ताकाची रवी दुधाला लावायची नाही, हे त्या घरात स्वप्ना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या चिरांमध्ये आंबटपणा बसलेला असायचा. गरम दुधाला तो लागला की दूध फाटायचं. एवढी साधी गोष्ट! पण बाईंना वाटलं, हे काय सांगायचं, कुणालाही कळेल. आणि स्वप्नाला वाटलं, ही वस्तू आपल्यासाठी नाही. तिने मिक्सर काढला आणि दूध त्यात फिरवलं. मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण माझं नशीब लाकडाचं.

पुढे बाईंची निवृत्ती आली. शाळेत निरोप समारंभ होता आणि तो आटोपून बरोबरीच्या शिक्षिका घरी येणार होत्या. स्वप्नाने ठरवलं, आज चहा नाही, सगळ्यांना आपल्या हातची बदाम कॉफी द्यायची. आमच्या अंगणात बदामाचं झाड आहे, लाल पानांचं, समुद्राकाठच्या गावांत असतं तसलं. त्याची सुकी फळं पोरीने गोळा केली आणि सगळी दुपार पायरीवर बसून दगडाने फोडली. मित्रांनो, एकेका फळातून निघतो केवढासा गर! बोटं ठेचली, नखं काळी पडली. तो गर तिने तव्यावर मंद भाजला, साखरेबरोबर बारीक वाटला, दुधात शिजवला. घरभर असा वास सुटला की दशरथराव दोनदा आत डोकावून गेले.

"आईंना सांगू नका हं, बाबा," ती म्हणाली. चेहरा नुसता फुलला होता तिचा.

पाहुण्या फाटकाशी आल्या आणि वीज गेली. मिक्सर गप्प झाला. दूध गॅसवर वाफाळत होतं आणि फेसाशिवाय ती कॉफी तिला द्यायची नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग मला काढलंच. सकाळीच माझ्याकडून ताक करून झालं होतं आणि बाईंनी घाईत मला नुसतं पाण्याखाली धरलं होतं. स्वप्ना मला फिरवायला लागली. आधी छान फेस आला. ती हसली. मग तिने कॉफीचं पाणी ओतलं आणि पेल्यांमध्ये पांढरे कण तरंगायला लागले.

ते तिच्या लक्षात येईपर्यंत ट्रे बाहेर गेलेला होता. एका शिक्षिकेने पेला तोंडाला लावला आणि हळूच खाली ठेवला. बाईंनी पेल्यात पाहिलं, उठून आत आल्या, ओट्यावर मी ओलीचिंब पडलेली दिसले. दिवसभराच्या भाषणांनी, हारतुऱ्यांनी त्या थकल्या होत्या, हे मला समजत होतं. तरी त्या जे बोलल्या ते बोलायला नको होतं. बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलल्या.

"हात लावू नकोस म्हटलं होतं ना तुला? आमच्या घरातल्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"चुकलं माझं, आई," स्वप्ना म्हणाली. "तुमच्या घरातली वस्तू आहे. लक्षात ठेवीन."

आणि तिने ते खरंच लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून डबा घ्यायचा तरी विचारायची, गॅस पेटवायचा तरी विचारायची. काही दिवसांनी एका खोक्यातून बॅटरीवर गुरगुरणारी एक चिमुकली रवी आली. ती तिने स्वतःच्या खोलीत ठेवली. मी तिचा दुस्वास केला, कबूल आहे. पुढे अनिकेतने रोजच्या येण्या-जाण्याचं निमित्त सांगितलं आणि दोघं वापीला राहायला गेली. खरं कारण काय होतं ते घरातल्या भांड्यांनाही कळलं होतं.

घर सामसूम झालं. एकदा ताक पिता पिता दशरथराव म्हणाले, "पोरीला कारण तरी सांगायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि उकळत्या पाण्यात बुडवलं. मी हादरलेच. मग उन्हात वाळवलं, पुन्हा उकळलं, पुन्हा वाळवलं. दात कोरायची काडी घेऊन माझ्या चिरा कोरल्या. असं किती दिवस चाललं कोण जाणे. दशरथरावांचं ताक मिक्सरमध्ये व्हायला लागलं, त्याला चव नाही म्हणून ते कुरकुरले, पण पीत राहिले. शेवटी माझा वास गेला. आणि एवढी उकळउकळ न सोसून माझी एक पाकळीही तडकून गळाली.

मग बाई अंगणात पायरीवर बसल्या आणि बदाम फोडायला लागल्या. साठीच्या हातांनी, चष्मा सावरत. भाजले, वाटले, कॉफी केली. पाकळी नसल्यामुळे मी डुगडुगत फिरत होते, पण फेस आला आणि दूध फाटलं नाही. बाईंना ती चव मुळीच आवडली नाही. तरी पेला पूर्ण प्यायल्या.

पुढच्या सणाला मुलगा-सून आली. बाईंनी कुणाला न सांगता कॉफी केली आणि पेला स्वप्नासमोर ठेवला.

"अहो आई, मी कॉफी सोडली," ती म्हणाली. "फार पित्त व्हायचं."

बाईंचा हात पेल्यावरच राहिला. स्वप्नाने ओट्याकडे पाहिलं. मला उचललं, नाकाशी नेलं, तुटक्या पाकळीवरून बोट फिरवलं.

"हिला ताकाचा वास येत नाही."

"काढला मी. तुझ्या दुधासाठी लागायची होती ना." बाई म्हणाल्या. "ताकाची रवी लागली की दूध फाटतं. म्हणून नको म्हटलं होतं तुला. एवढंच होतं गं."

"एवढंच?" स्वप्ना खाली बसली. "मला वाटलं, मी ह्या घरातली नाही म्हणून."

तिने तो पेला उचलला आणि पित्ताची पर्वा न करता शेवटपर्यंत प्यायली. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नंतर तिने मला धुतलं, पुसलं आणि स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगलं. बाईंनी अडवलं नाही. पण वापीचा संसार आता थाटला गेला होता, तिथे तिला नोकरीही लागली होती. संध्याकाळी दोघं निघून गेली.

मित्रांनो, रवी धुवून उन्हात वाळवा, तिची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. ते कराच. पण कुणाला "हात लावू नकोस" म्हणालात, तर का ते त्याच दमात सांगा. अगदी लहान मुलालाही सांगा. बाईंनी सांगितलं, पण घर रिकामं झाल्यावर.

ताकाला बाई मला आता लावत नाहीत, आंबट वास पुन्हा मुरेल म्हणून. स्वप्ना महिन्या-दोन महिन्यांनी येते, हसून बोलते, आणि अजूनही फ्रिज उघडण्याआधी विचारते. ती गेली की बाई मला खिळ्यावरून काढतात आणि त्यांना न आवडणारी ती बदाम कॉफी एक पेला करून पितात.