लेट्स जंप

ऐश्वर्याला इंग्रजी शाळेत घातल्या दिवशी तिच्या बापाने, अभिनंदनने, घरात हुकूम काढला, की पोरीशी इंग्रजीतच बोलायचं. त्याच्या स्वतःच्या इंग्रजीचा सारा संसार एका शब्दावर चालायचा. लेट्स ब्रश, लेट्स होमवर्क, लेट्स क्लीन. एवढं बोलून स्वारी मोबाइल घेऊन सोफ्यावर आडवी. दात घासायला, पाढे लिहायला ऐश्वर्या एकटीच.

तिचे आजोबा, अप्पा, मास्तरकीतून निवृत्त झालेले. ते हे सगळं बघत होते.

मे महिन्यात अभिनंदनने तिला मळ्यातल्या विहिरीवर आणलं; अप्पाही बरोबर आले. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून उडी, त्यांच्याकडं पोरं अशीच पोहायला शिकत. मळा बघणारा पिराजी आधीच पाण्यात उतरून थांबला होता. डबा बांधून ऐश्वर्या काठावर उभी राहिली, खाली वाकून पाणी बघितलं आणि एक पाऊल मागं सरली.

"लेट्स जंप," अभिनंदन काठापासून चांगला चार हात मागून म्हणाला.

ती अप्पांकडं वळली. "अप्पा, लेट्स म्हणजे काय हो?"

"लेट आणि अस, दोन शब्द एकत्र केलेत, बाळ. चला, आपण करूया. म्हणणाराबी त्यात आला. तुला एकटीलाच सांगायचं असतं, तर नुसतं जंप पुरलं असतं."

"म्हणजे पप्पापण?"

"व्हय की."

"अप्पा, भलत्या वेळी काय शिकवताय तिला?"

"इंग्रजी. तुझाच हुकूम हाय."

"मालक, तुम्हाला दोन डबं लागतील," खालून पिराजी म्हणाला.

दहा वर्षांचा असताना हाच अभिनंदन डबा बघून पळाला होता, तो थेट गारगोटीला आत्याकडं. शाळा सुरू झाल्यावरच परतला. अप्पांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. फक्त दुसरी दोरी उचलून गाठ सोडवत बसले.

"पप्पा, मला लई भ्या वाटतंय," ऐश्वर्याने हात पुढं केला. "तुम्ही आलात तर मारते उडी."

अभिनंदनने दोरीकडं पाहिलं, मग त्या हाताकडं. शर्ट काढला. अप्पांनी त्याच्या पाठीला दोन डबे आवळून बांधले.

"लेट्स," तो कसाबसा म्हणाला.

पाणी काठापर्यंत उडालं. अभिनंदन वर आला तो खोकत, पिराजीच्या गळ्याला मिठी मारून.

"पिराज्या, काढ की लेका वर. मरतोय मी."

शेजारी ऐश्वर्या डब्यावर आरामात तरंगत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "लेट्स अगेन."